गोव्यातून हवामान परिषदेला: शिष्टमंडळात पहिल्यांदाच नाव लागलेल्यांसाठी

पर्वरीच्या सचिवालयातून किंवा दोना पावलच्या एखाद्या संस्थेतून कुणाचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेसाठी दिल्लीला गेलं, की सगळे अभिनंदन करतात. पुढे नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी बसून सांगत नाही. माणसं बदलत राहतात, फाईल बंद होते आणि आधी जाऊन आलेल्यांनी शिकलेलं त्यांच्यापाशीच राहतं. मी राज्याच्या एका खात्यातून भारतीय शिष्टमंडळात सल्लागार म्हणून गेले होते. जूनमधल्या बॉनच्या बैठका पाहिल्या आणि नोव्हेंबरमधली मुख्य परिषदही. फोंडा, डिचोली, काणकोण इथून पहिल्यांदा निघणाऱ्या अधिकाऱ्याला किंवा शास्त्रज्ञाला समोर ठेवून हे लिहिते आहे. स्वयंसेवी संस्थेतर्फे निरीक्षक म्हणून जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. त्यांची वाट जिथे वेगळी होते, तिथे तसं सांगितलं आहे.

तिथे किती कार्यक्रमांना हजेरी लावली याला काहीही किंमत नसते. कार्यसूचीतला एक विषय पूर्णपणे तुमचा असावा आणि त्या विषयाच्या खोलीत तुम्ही शेवटपर्यंत बसावं, यातच सगळं आलं. खालची तयारी त्यासाठीच आहे.

१. आपण कुठे चाललो आहोत ते आधी समजून घ्या

हवामान बदलाचा मूळ करार १९९२ साली झाला आणि १९९४ पासून लागू झाला. आज त्यात १९८ पक्ष आहेत, म्हणजे १९७ देश आणि युरोपीय संघ. कराराचं सचिवालय जर्मनीत बॉनला आहे. दर वर्षी जूनमध्ये तिथे दोन सहायक समित्यांच्या बैठका होतात आणि वर्षाअखेर मुख्य परिषद भरते, जिला सगळे ‘कॉप’ म्हणतात. आठवी कॉप २००२ साली आपल्याकडे दिल्लीत झाली होती. २०२५ ची ब्राझीलमध्ये बेलेमला झाली, २०२६ साठी तुर्कस्तानातलं अंताल्या आणि २०२७ साठी इथिओपियातलं आदिस अबाबा ठरलं आहे.

जैवविविधतेचा करार वेगळा, त्याचं सचिवालय माँट्रियलला. पाणथळ जागांसाठीचा रामसर करार आणखी वेगळा. कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये रामसरच्या यादीत आलं, त्यामुळे गोव्यातली काही मंडळी त्या परिषदेकडेही जातील. करार वेगळे असले तरी कामाची रीत जवळपास सारखीच असते.

नव्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही अशी एक बाब: हवामान कराराची कार्यपद्धतीची नियमावली आजवर औपचारिकपणे मंजूरच झालेली नाही. मतदानाच्या नियमावर एकमत होईना, म्हणून मसुद्यातलेच नियम, मतदानाचा तेवढा सोडून, दर वेळी लावले जातात. त्यामुळे इथे मतदान होत नाही, निर्णय सर्वसहमतीने होतात. एका देशाची ठाम हरकत सगळ्यांना थांबवू शकते. खोलीतला प्रत्येक शब्द तासन्‌तास का घासला जातो, ते यावरून कळेल.

२. नाव कसं जातं

स्वतः नोंदणी करता येत नाही. भारताच्या शिष्टमंडळाची नावं केंद्राचं पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय बॉनच्या सचिवालयाच्या ऑनलाइन प्रणालीत भरतं. राज्याने आधी त्या मंत्रालयाला पत्र पाठवायचं, तेही कुठल्या विषयासाठी कोण आणि का, हे स्पष्ट लिहून. ‘पर्यावरणविषयक चर्चेत सहभाग’ एवढंच लिहिलेलं पत्र टेबलावर पडून राहतं. ‘अनुकूलनाच्या जागतिक उद्दिष्टाच्या निर्देशकांसाठी, किनारी शेतीचा अनुभव असलेला अधिकारी’ असं लिहिलं (अनुकूलन म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेणं), तर दिल्लीतल्या माणसाला तुम्हाला कुठे बसवायचं ते कळतं.

निरीक्षकांसाठी वाट अशी: संस्था आधी सचिवालयाकडे निरीक्षक म्हणून मान्यताप्राप्त असायला हवी. तशी नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या कोट्यातून नाव द्यावं लागतं. मान्यतेला बराच काळ लागतो, तेव्हा यंदाच्या परिषदेसाठी यंदाच अर्ज करून भागत नाही.

इथे दोन ठिकाणी सांभाळा.

पहिलं, फसव्या ईमेल. ‘आपली निवड झाली आहे, हॉटेलसाठी एवढे डॉलर भरा’ अशी पत्रं संयुक्त राष्ट्रांचं बोधचिन्ह लावून येतात. परिषदेच्या नोंदणीला शुल्क नसतं. पैसे मागितले, की तो ईमेल खोटा समजा.

दुसरं, नावाचं स्पेलिंग. हे आपल्या गोव्याचं खास दुखणं आहे. जुन्या पोर्तुगीज नोंदीत कामतांचं ‘कामोतीं’ आणि शेणव्यांचं ‘सिनाय’ झालेलं असतं. जन्मदाखल्यावर एक, सेवापुस्तकात दुसरं, पासपोर्टवर तिसरं, असं अनेकांचं आहे. नामनिर्देशनात पासपोर्टवर आहे तेच नाव, अक्षरन्‌अक्षर तसंच गेलं पाहिजे. पत्र टाईप करणाऱ्या माणसाला सेवापुस्तक देऊ नका, पासपोर्टच्या पहिल्या पानाची झेरॉक्स द्या. घरी कुणी पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला जन्माची नोंद करून ठेवली असेल, तर नागरिकत्वाचा प्रश्न आधी सोडवा. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही आणि सरकारी पासपोर्ट भारतीय नागरिकालाच मिळतो.

३. मंजुऱ्या आणि पासपोर्ट

सर्वांत जास्त वेळ यातच जातो. क्रम असा ठेवा:

खातेप्रमुखांची आणि राज्य शासनाची मान्यता. सोबत खर्च कोण करणार, हे स्पष्ट करणारी टिपणी.

परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय मंजुरी. राज्य शासनाच्या अधिकाऱ्यालाही ती लागते आणि अर्ज ऑनलाइन होतो.

प्रवास, राहणं किंवा जेवण यांपैकी काहीही परदेशी संस्था देणार असेल, तर गृह मंत्रालयाची परवानगी. विदेशी अंशदान कायद्याच्या कलम ६ खाली सरकारी सेवकाला परदेशी पाहुणचार घ्यायला आधी परवानगी लागते आणि त्याचा अर्ज वेगळा असतो. ‘फक्त दोन रात्रींचं हॉटेल ते देताहेत’ म्हणून हे सोडून देऊ नका. दोन रात्रींचं हॉटेल हाही पाहुणचारच.

निळा पासपोर्ट सामान्य, पांढरा सरकारी कामासाठीचा आणि गडद तांबडा राजनैतिक. सल्लागार म्हणून जाणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याला सहसा पांढरा मिळतो. त्याचा कारभार दिल्लीच्या पतियाळा हाऊसमधल्या विभागाकडे आहे, म्हणून पणजीत पाटोवरच्या कार्यालयात नेहमीचा पासपोर्ट जसा पटकन होतो, तसं याचं होईल असं धरून चालू नका. मंजुऱ्यांच्या प्रती हातात आल्या, की त्याच दिवशी अर्ज करा. हा पासपोर्ट केवळ त्या कामापुरता असतो. परिषद संपल्यावर दोन दिवस पॅरिस बघून येऊ, असा बेत त्यावर करता येत नाही.

४. व्हिसा, लस, विमा

राजनैतिक पासपोर्टला कुठल्या देशात व्हिसा लागत नाही आणि पांढऱ्याला कुठे लागतो, याची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असते. ती स्वतः पाहा. ‘सरकारी पासपोर्ट आहे, व्हिसा लागत नाही’ असं कॉरिडॉरमध्ये कुणी सांगितलं म्हणून थांबू नका. परिषदेच्या नोंदणीचं पुष्टिपत्र म्हणजे व्हिसा नव्हे. ते व्हिसाच्या अर्जाला जोडायचं कागदपत्र आहे.

बॉनसाठी शेंगेन व्हिसा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी गेलाच पाहिजे. सोबत किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो. सामान्य पासपोर्टवर निरीक्षक म्हणून जाणाऱ्यांनी मे महिन्यातली गर्दी लक्षात घ्यावी. त्या दिवसांत सगळं जग युरोपला निघालेलं असतं आणि भेटीच्या तारखा मिळत नाहीत.

ब्राझील किंवा इथिओपियासारख्या देशात परिषद असेल, तर पीतज्वराची लस घ्या. ती तिकडे जाण्यासाठी जितकी महत्त्वाची, त्याहून अधिक इकडे परत येण्यासाठी. अशा देशातून भारतात उतरणाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. गोव्यात ही लस मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात मिळते. आधी फोन करून दिवस विचारा, कारण रोज देत नाहीत असंही होतं. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

५. हाताशी ठेवायची कागदपत्रं

हे सगळं एका जाड प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, विमानात तो तुमच्या हातातल्या बॅगेत असू द्या, आणि प्रत्येकाची एक प्रत फोनमध्ये व एक घरच्यांकडे ठेवा.

- पासपोर्ट. परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध असलेला
- परिषदेच्या नोंदणीचं पुष्टिपत्र, छापील
- राज्याचा आदेश, राजकीय मंजुरी आणि लागू असेल तर गृह मंत्रालयाची परवानगी
- व्हिसा, विमा, लशीचं पिवळं पुस्तक
- तिकिटं आणि हॉटेलची पावती
- नेहमीची औषधं आणि त्यांची डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी
- भारतीय दूतावासाचा पत्ता आणि शिष्टमंडळाच्या समन्वयकाचा क्रमांक, कागदावर लिहून. फोन बंद पडतो

शिष्टमंडळाचं अधिकारपत्र ही वेगळी बाब आहे. राष्ट्रप्रमुख, शासनप्रमुख किंवा परराष्ट्रमंत्री यांच्या सहीचं ते पत्र परिषद सुरू झाल्यापासून शक्यतो चोवीस तासांच्या आत सचिवालयाला द्यायचं असतं. ते दिल्ली करते, तुम्हाला काही करावं लागत नाही. पण त्यात आपलं नाव आहे ना, एवढं विचारून घ्या.

६. तिकीट आणि खोली

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत आणि गोंधळ अजून संपलेला नाही. दाबोळी आणि मोपा यांचे कोड तिकिटावर एका अक्षराने वेगळे असतात. जाताना मोपा आणि येताना दाबोळी असं तिकीट निघालं, तर गाडी एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे. पेडण्यातल्या माणसाला मोपा सोयीचा आणि काणकोणच्या माणसाला दाबोळी, हे दिल्लीच्या किंवा मुंबईच्या एजंटाला माहीत नसतं. त्याला सांगावं लागतं.

मुंबईत किंवा दिल्लीत आंतरराष्ट्रीय विमान बदलायचं असेल, तर दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर घ्या. पावसाळ्यात गोव्याहून निघणारं विमान उशिरा सुटलं आणि तिकिटं वेगवेगळी असली, तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबणार नाही. बॉनची बैठक जूनमध्येच असते, तेव्हा हे विसरू नका.

परतीची तारीख विचार करून ठरवा. या परिषदा वेळेवर संपत नाहीत. माद्रिदची २०१९ ची परिषद शुक्रवारी संपायची होती, ती रविवारी संपली. बाकूची २०२४ ची २२ नोव्हेंबरला संपायची, ती २४ च्या पहाटेपर्यंत चालली. शेवटच्या दिवशी संध्याकाळचं परतीचं तिकीट काढलेला माणूस नेमका निर्णयाच्या वेळी विमानतळावर असतो. किमान दीड दिवस मागे ठेवा आणि खर्चाच्या टिपणीत त्याचं कारण आधीच लिहून मंजूर करून घ्या.

खोल्यांचे भाव परिषदेच्या शहरात आभाळाला भिडतात. बेलेमला तर राहायची सोय अपुरी पडली म्हणून क्रूझ जहाजं आणून लावली होती. शिष्टमंडळाने एकत्र आरक्षण केलं असेल तर त्यातच राहा, चार पैसे वाचवायला लांब जाऊ नका. मध्यरात्री बैठक संपल्यावर तुमच्यासोबत परतणारं कुणी असणं फार मोलाचं आहे.

बॉनला जाताना फ्रँकफर्टला उतरून विमानतळावरूनच जलद रेल्वेने झीगबुर्गला जा, सुमारे चाळीस मिनिटं लागतात. तिथून ६६ क्रमांकाची ट्राम बॉनमध्ये नेते. टॅक्सी करायची गरज नाही.

७. विषय तयार करा

नवा माणूस कार्यसूची उघडतो आणि घाबरतो. शेकड्याने ओळी असतात. त्यातली तुमची एक शोधा, दुसरी जवळची निवडा आणि बाकीच्या सोडून द्या.

त्या एका ओळीसाठी एवढं वाचा: मागच्या दोन वर्षांत त्या विषयावर झालेले निर्णय, चालू मसुदा, भारताने लेखी दिलेलं म्हणणं, आणि ‘अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन’चे मागचे वृत्तान्त. १९९२ पासून हे पत्रक परिषदेत रोज काय घडलं ते छापतं. कुठला देश कुठल्या शब्दावर अडला, ते त्यात नावानिशी मिळतं. दोन वर्षांचे अंक वाचलेत, की खोलीतली अर्धी माणसं तुम्हाला आधीच ओळखीची वाटतील.

भारताची भूमिका दिल्लीत ठरते. राज्याचं म्हणणं वेगळं असेल, तर ते निघण्यापूर्वी मंत्रालयाच्या बैठकीत मांडा, लेखी द्या, त्यासाठी भांडायचं तर तिथे भांडा. एकदा विमानात बसलात, की भूमिका एकच.

मग गोव्याचा माणूस तिथे कशासाठी हवा? कारण भूमिकेला प्रत्यक्षातला दाखला लागतो आणि तो आपल्यापाशी आहे. आपल्या खाजन जमिनींचंच घ्या. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, मानस नावाच्या झडपेच्या लाकडी दारांतून आत-बाहेर जाऊ द्यायचं, आत कोरगुटासारखं खारं पाणी सोसणारं भात लावायचं आणि पोंयीत, म्हणजे आतल्या तळ्यात, मासे धरायचे. समुद्राची पातळी वाढण्याची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनी चालवलेली ही व्यवस्था आहे. बांध फुटला तर काय होतं, तो कोण दुरुस्त करतं, पैसे कुठून येतात, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं असतं.

हे एका पानात मांडा. एकाच. वरच्या भागात साध्या इंग्रजीत चार वाक्यं, मध्ये एक रेखाचित्र, खाली एक मागणी, जी चालू मसुद्यातल्या परिच्छेदाशी जुळलेली असेल. मागणी नसेल तर ते पान पर्यटनाचं पत्रक होतं.

रेखाचित्राचा आग्रह मुद्दाम धरते आहे. बांगलादेशच्या एका अधिकाऱ्याशी कॉफीच्या रांगेत बोलताना मी वहीच्या मागच्या पानावर मानस काढून दाखवली: भरती चढते तसं पाणीच दार ढकलून बंद करतं, ओहोटी लागली की आतलं पाणी दार उघडून बाहेर पडतं, कुणी माणूस उभा राहावा लागत नाही. त्यांनी माझ्याच पेनाने शेजारी त्यांच्याकडचा पोल्डर, म्हणजे बांधाने घेरलेली सखल जमीन, काढला आणि आत गाळ कुठे साचतो तिथे फुली मारली. दुपारी त्यांच्या देशाच्या म्हणण्यात स्थानिक देखभालीच्या खर्चाचा मुद्दा आला आणि आमच्या मुद्द्याला जोड मिळाली. दहा पानी सादरीकरणाने हे झालं नसतं.

८. पहिला दिवस

परिषद सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच बिल्ला घ्या. पहिल्या सकाळी रांग दारापासून रस्त्यापर्यंत येते. राष्ट्रांच्या शिष्टमंडळांचा बिल्ला गुलाबी, निरीक्षकांचा पिवळा. रंगावरून कुठल्या खोलीत जाता येतं ते ठरतं, म्हणून तो हरवला तर त्याच क्षणी नोंदणी कक्षात कळवा.

आवार दोन असतात. वाटाघाटींचा निळा विभाग, आणि लोकांसाठी खुला हिरवा. तुमचं काम निळ्यात आहे. पहिल्या दिवशी तासभर नुसतं चाला: भारताचं कार्यालय, जी-७७ या विकसनशील देशांच्या गटाची खोली, तुमच्या विषयाची खोली, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, बाहेर पडायची दारं. बेलेमला २० नोव्हेंबरला निळ्या विभागात आग लागली आणि सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. लॅपटॉप आणि पासपोर्ट पॅव्हिलियनमध्ये ठेवून फिरायचं नाही, ते याच कारणाने.

रोजच्या बैठकांचं वेळापत्रक ॲपवर आणि पडद्यांवर येतं आणि दिवसातून अनेकदा बदलतं. औपचारिक सत्रं दहा ते एक आणि तीन ते सहा. त्याच्या आधी गटांच्या बैठका, मध्ये जेवणाच्या वेळेत इतर कार्यक्रम, सहानंतर जे लांबेल ते.

९. खोलीत बसल्यावर

खरं काम इथे असतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

मोठ्या सभागृहात सहा भाषांत दुभाष्यांची सोय असते. छोट्या खोल्यांत मात्र फक्त इंग्रजी. तिथे दोन देशांचे दोन सहनियंत्रक समोर बसतात, मसुदा पडद्यावर असतो आणि ज्याला बोलायचं तो आपल्या देशाची पाटी उभी करून ठेवतो.

भारत एकटा बोलतो त्याहून अधिक वेळा गटातून बोलतो. जी-७७ आणि चीन हा १३४ देशांचा गट, समविचारी विकसनशील देशांचा गट, आणि ब्राझील, दक्षिण आफ्रिका, चीन यांच्यासोबतचा बेसिक. सकाळची जी-७७ ची बैठक कधीही चुकवू नका. तिथे तुमचा मुद्दा गटाच्या म्हणण्यात बसला, तर दुपारी तो १३४ देशांचा होतो. तिथे झोपेत राहिलात, तर दुपारी एकट्या भारताच्या नावावर मांडावा लागतो.

आता मसुदा. समजा पडद्यावर असं वाक्य आहे:

‘विकसित देशांनी अनुकूलनासाठी [पुरेसा] [वाढीव] निधी [द्यावा] [देण्याचा विचार करावा].’

चौकोनी कंसातलं काहीच ठरलेलं नाही. प्रत्येक कंस कुणीतरी मागितलेला असतो. तुमचं काम वहीत लिहायचं: कंस कुणी मागितला, किती वाजता, कारण काय दिलं. मी वहीचं पान उभं तीन भागांत दुमडते. डावीकडे देश, मध्ये शब्द, उजवीकडे वेळ. रात्री अकराला तुमचे मुख्य वाटाघाटीकार दुसऱ्या खोलीतून धावत येतात आणि विचारतात, ‘हा “विचार करावा” कुणी घातला?’ त्यावेळी तुमच्याकडे उत्तर असलं पाहिजे. पहिल्या वर्षी तुम्ही एक शब्द बोलला नाहीत आणि ही वही नीट ठेवलीत, तरी तुम्ही शिष्टमंडळाला उपयोगी पडलात.

एकमत झालं नाही, तर ‘नियम १६’ लागतो: विषय तसाच पुढच्या सत्राच्या कार्यसूचीत जातो. काही वेळा मसुदा वाईट होण्यापेक्षा तेच बरं असतं. हा निर्णय प्रमुखांचा, तुमचा नव्हे.

आणि शेवटच्या रात्री खुर्ची सोडू नका. बाकूत २०२४ ला हवामान वित्ताचा ३०० अब्ज डॉलरचा निर्णय हातोडा मारून मंजूर झाला आणि भारताला त्याआधी बोलू दिलं नाही, ही हरकत आपल्या प्रतिनिधींना नंतर नोंदवावी लागली. अध्यक्षाचा हातोडा दोन सेकंदांत पडतो. पाटीजवळ कुणीतरी सतत असावं लागतं. जेवायला जाताना दुसऱ्याला बसवून जा.

१०. बोलणं, लिहिणं, फोटो

पत्रकारांशी प्रमुख किंवा त्यांनी नेमलेली व्यक्तीच बोलते. गोव्यातल्या ओळखीच्या वार्ताहराचा फोन आला तरी, ‘समन्वयकांशी बोला’ एवढंच नम्रपणे सांगा. बंद खोलीतल्या बैठकीचे फोटो टाकू नका. पडद्यावरच्या मसुद्याचा तर मुळीच नाही. भारताच्या अंतर्गत टिपण्या छापून टेबलावर सोडू नका आणि सार्वजनिक वाय-फायवरून पाठवू नका.

बोलायची संधी मिळालीच, तर लिहून न्या, मोठ्याने वाचून वेळ मोजा आणि प्रत सचिवालयाला ईमेलने पाठवा. उच्चस्तरीय सत्रात राष्ट्रांच्या निवेदनांना साधारण तीन मिनिटं मिळतात. इंग्रजी आपल्या उच्चारात बोला, सावकाश. दुभाष्याला वेगाने बोलणारा माणूस नको असतो.

११. रोजचं जगणं

घड्याळ गोव्याशी जुळवून ठेवा. बेलेममध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पर्वरीत संध्याकाळचे साडेपाच झालेले असतात. कुणी आकडा काढून द्यायचा असेल, तर आदल्या रात्रीच संदेश टाकायला हवा. अंताल्याचं बरं: तिथले नऊ म्हणजे आपले साडेअकरा. बॉनला जूनमध्ये फरक साडेतीन तासांचा.

खाणं न्या, पण बघून. युरोपीय संघात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून पेढे, खव्याच्या नेवऱ्या आणि चोरीस (गोव्याचं सॉसेज) घरीच ठेवा. मे-जून म्हणजे मानकुरादचे दिवस; पण वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आंबाही चालत नाही. चिवडा, भाजलेले काजू, शेंगदाण्याची चिक्की चालते आणि रात्री एक वाजता तीच उपयोगी येते. परिषदेतलं जेवण महाग असतं, रांगा लांब असतात. पाण्याची बाटली भरून घ्यायची सोय सगळीकडे असते.

बूट जुने, सवयीचे. सूट एक पुरतो, शर्ट जास्त न्या. साडी नेसणाऱ्यांनी सुती न्यावी, सभागृहातून सभागृहात चालणं खूप होतं. ब्राझीलचा प्लगसॉकेट वेगळा, युरोपचा वेगळा. सर्वत्र चालणारा ॲडॉप्टर मडगावलाच घ्या.

झोप रोज थोडी तरी घ्या. पहिल्या आठवड्यात उत्साहात सगळीकडे हिंडणारे दुसऱ्या आठवड्यात आजारी पडतात, आणि निर्णय दुसऱ्या आठवड्यात होतात.

१२. परतल्यावर

बोर्डिंग पास फेकू नका, येण्याचे आणि जाण्याचे दोन्ही. प्रवास भत्त्याच्या बिलाला लागतात. उरलेलं परकीय चलन आणि पावत्या पहिल्या आठवड्यातच लेखा विभागात द्या. पांढरा पासपोर्ट खात्यात जमा करा आणि पोच घ्या. परदेशी शिष्टमंडळाकडून भेटवस्तू मिळाली असेल, तर ती लेखी कळवा. ठराविक किमतीच्या वरची वस्तू तोषाखान्यात, म्हणजे सरकारी भेटवस्तूंच्या भांडारात, जाते.

अहवाल दोन लिहा. एक शासनाला, नेहमीच्या साच्यातला. दुसरा पुढच्या वर्षी जाणाऱ्या माणसासाठी, तीन-चार पानांचा: आपला परिच्छेद कुठल्या कंसात अडकला, कुठल्या देशाचा कोण बोलायला सोपा, कुठला दस्तऐवज आधी वाचावा, बॉनमध्ये तोच विषय कधी निघणार. तीन भागांत दुमडलेल्या त्या पानांची स्कॅन प्रत सोबत जोडा. नोव्हेंबरची परिषद संपली, की जूनच्या बैठकीसाठी नावं मागवणारं पत्र लवकरच दिल्लीहून येतं, तेव्हा डिसेंबरातच खातेप्रमुखांशी बोलून ठेवा.